मुलांचीं उन्हाळी पायताणें

परीक्षा संपल्या कीं घरोघर एक ठराविक गोष्ट घडते. वर्षभर मुलांच्या पायांना जखडून ठेवणारे शाळेचे काळे बूट खाटेखालीं जातात आणि त्यांच्या जागीं कांहींतरी हलकें, उघडें, स्वस्त व रंगीत असें पायताण बाजारांतून आणलें जातें. शाळेचा बूट घेतांना वडील माणसें दुकानांत पाऊण तास बसतात. मुलाला उभें करतात, बुटाच्या टोंकावर अंगठा दाबून बोटें कोठवर आलीं हें पाहतात, चार पावलें चालवूनहि बघतात. उन्हाळी चपलेच्या वांट्याला यांतील कांहींहि येत नाहीं. बहुधा मूल दुकानांत नसतेंच. जुन्या चपलेच्या मापानें किंवा नुसत्या वयाच्या अंदाजानें, आणि पुढच्या वर्षींहि पुरावी म्हणून एक माप चढतेंच, ती घेतली जाते. ‘दोन महिन्यांची तर गोष्ट’ असें म्हणून विषय तेथेंच संपतो.

परंतु हेच दोन महिने मुलांच्या पायांना सर्वांत धांवपळीचे असतात. शाळेच्या दिवसांत मूल पांच-सहा तास बाकावर बसलेलें असतें. सुटींत तें सकाळपासून दिवेलागणीपर्यंत जिन्यावर, गच्चीवर, सायकलीवर, मामाच्या गांवीं विहिरीच्या कांठीं, आणि शहरांत असेल तर मोठमोठ्या दुकानांच्या सरकत्या जिन्यांवर असतें. म्हणजे ज्या पायताणाकडे सर्वांत कमी लक्ष दिलें त्याच्याचकडून सर्वांत अधिक काम घेतलें जातें. या पायताणांपासून ज्या इजा होतात त्या वरवर निरनिराळ्या दिसल्या तरी त्यांतील बहुतेकांचें मूळ एकाच दोषांत आहे : पाऊल एका बाजूस जातें आणि पायताण दुसऱ्या बाजूस. हा दोष विकत घेतांना ओळखतां येतो, व घरीं आणल्यावरहि पुष्कळसा दूर करतां येतो.

येथें कोणी जुन्या वळणाचे गृहस्थ म्हणतील कीं, मुळांत मुलांना पायताण हवेंच कशाला? पूर्वींचीं मुलें अनवाणी वाढलीं आणि त्यांचे पाय कांहीं बिघडले नाहींत. हा आक्षेप हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. पायताणानें पाय बिघडतो ही तक्रार फार जुनी आहे. डच शरीरशास्त्रज्ञ पेट्रस कॅम्पर यानें १७८१ सालीं बुटाच्या उत्तम आकारावर एक निबंधच लिहिला, आणि घोड्याबैलांच्या खुरांची जितकी चिंता विद्वानांनीं वाहिली तितकी माणसाच्या पावलांची वाहिली नाहीं, असा टोमणा त्यांत मारला. आपल्या देशांतील पुरावा याहून नेमका आहे. राव आणि जोसेफ या दोन भारतीय शल्यवैद्यांनीं ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेऊन त्यांची पाहणी १९९२ सालीं प्रसिद्ध केली. पायताण वापरणाऱ्या मुलांत सपाट पावलाचें प्रमाण शेंकडा ८.६ निघालें, अनवाणी मुलांत तें शेंकडा २.८ होतें. त्यांतहि बंद बूट घालणाऱ्यांत तें सर्वांत अधिक, चपला व सँडल वापरणाऱ्यांत त्याहून कमी आणि अनवाणी मुलांत सर्वांत कमी आढळलें. यावरून मोकळ्या पावलाचे स्नायु अधिक बळकट होतात असें मानण्यास चांगलाच आधार मिळतो. घरांत, सकाळच्या गार गच्चीवर, स्वच्छ अंगणांत मुलास अनवाणी खेळूं देण्यांत त्याचें हितच आहे, आणि घरांतल्या घरांतहि त्याच्या पायांत सपाता असल्याच पाहिजेत हा कांहीं सुशिक्षित घरांतील आग्रह अनाठायीं आहे.

मात्र उंबऱ्याबाहेर हा न्याय लागू पडत नाहीं. पूर्वींचीं अनवाणी मुलें मातीच्या वाटेनें चालत. हल्लींचीं डांबरावर चालतात. चाळीस अंश सेल्सियसच्या दुपारीं डांबरी रस्ता साठ अंशांपर्यंत व त्याच्याहि वर तापूं शकतो, आणि नागपूर, अकोला, चंद्रपूर या बाजूला तर हवेचाच पारा पंचेचाळिसाच्या पुढें जातो. किती उष्णतेनें किती वेळांत कातडी भाजते याचे मॉरिट्झ व हेन्रिक्स यांनीं हार्वर्ड विद्यापीठांत केलेले प्रयोग १९४७ सालीं प्रसिद्ध झाले. ते आजहि प्रमाण मानले जातात. ४४ अंशांचा स्पर्श असेल तर भाजण्यास सुमारें सहा तास लागतात. तोच ६० अंशांचा असेल तर अवघे पांच सेकंद पुरतात. तळपायाची कातडी इतर ठिकाणच्या कातडीपेक्षां जाड असते हें खरें, पण रस्ता ओलांडण्यास पांच सेकंदांहून अधिक वेळ लागतो हेंहि खरें. आणि वाटेंत गटाराचें लोखंडी झांकण आलें म्हणजे तेवढी सवड देखील मिळत नाहीं. शिवाय खेडेगांवीं जेथें शौचास उघड्यावर बसतात तेथील ओलसर मातींतून अंकुशकृमीचीं बारीक पिलें उघड्या तळपायाची कातडी भेदून शरीरांत शिरतात, तीं निराळींच. तेव्हां बाहेर पायताण हवें याविषयीं वाद नाहीं. प्रश्न आहे तो तें कसें असावें, हा.

त्यासाठीं प्रथम मुलाचें पाऊल म्हणजे काय हें समजून घेतलें पाहिजे. तें मोठ्या माणसाच्या पावलाची लहान प्रतिकृति नव्हे. जन्मतः पावलांतील बराचसा सांगाडा हाडांचा नसून कूर्चेचा असतो. पावलाच्या कमानीवरचें एक महत्त्वाचें हाड सुमारें तिसऱ्या वर्षापर्यंत कूर्चाच असतें, आणि टांचेच्या मागील वाढीचा भाग चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमारास पक्का जुळतो. अशा मऊ पावलाला अयोग्य पायताण टोंचत नाहीं. तें पाऊलच त्याच्याप्रमाणें वळतें. म्हणून ‘मुलानें कधीं तक्रार केली नाहीं’ हा पालकांचा पुरावा फारसा ग्राह्य धरतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट वाढीची. एक ते तीन वर्षांच्या मुलाचें पाऊल महिन्यास सुमारें दीड मिलिमीटर व तीन ते सहा वर्षांच्या मुलाचें सुमारें एक मिलिमीटर लांबतें. आतां थोडें अंकगणित करावें. इंग्रजी पद्धतीचें एक माप म्हणजे इंचाचा तिसरा हिस्सा, सुमारें साडेआठ मिलिमीटर. चार वर्षांच्या मुलाला ‘पुढच्या उन्हाळ्यालाहि पुरेल’ अशी चपल घ्यावयाची तर ती आज बारा मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दीड माप, मोठी घ्यावी लागते. शिवाय बोटांपुढें नेहमीं सोडावयाची जागा ती वेगळीच. बुटाला नाडी असते. तो थोडा सैल झाला तरी आवळून घेतां येतो. उघड्या चपलेला ती सोय नाहीं. काटकसर म्हणून घेतलेलें हें दीड माप मुलाच्या पायाखालीं पाटीसारखें पुढें आलेलें राहतें, आणि जिना उतरतांना पहिली ठेंच त्याचीच लागते.

उघड्या चपलांत सर्वांत प्रचारांतली म्हणजे रबरी हवाई चपल. तिचें कूळ जपानी आहे. तेथील पेंढ्याची विणलेली ‘झोरी’ दुसऱ्या महायुद्धानंतर रबराची झाली आणि जगभर पसरली. ब्राझीलमध्यें १९६२ सालापासून निघत असलेल्या एका प्रसिद्ध रबरी चपलेच्या तळव्यावर तर त्या पेंढ्याच्या विणीची आठवण म्हणून अजूनहि तांदळाच्या दाण्यांची नक्षी असते. स्वस्त, धुण्यास सोपी, पावसाला न भिणारी, घरांतील कोणीहि पायांत सरकवावी अशी ही वस्तु. गरिबाच्या पायाला उन्हापासून व कांट्यापासून जेवढें संरक्षण हिनें दिलें तेवढें दुसऱ्या कोणत्याहि पायताणानें दिलें नसेल. न्हाणीघरापर्यंत, अंगणापर्यंत, कोपऱ्यावरच्या वाण्यापर्यंत तिच्यासारखी दुसरी सोय नाहीं. परंतु धांवण्यासाठीं ती केलेलीच नाहीं.

कारण तिला मागें कांहींच धरीत नाहीं. अंगठा व त्याच्या शेजारचें बोट यांच्यामधला एक खुंट आणि पावलावरून जाणारे दोन पट्टे एवढ्यावर ती पायांत राहते. पाऊल उचललें कीं टांच वर येते, पण चपलेचा मागचा भाग खालींच लोंबतो, आणि मग एका झटक्यासरशीं वर येऊन टांचेवर आपटतो. ‘फटक फटक’ असा जो आवाज शेजारच्या खोलींत ऐकूं येतो तो पाय व चपल यांच्या फारकतीचाच आवाज होय. चपल निसटूं नये म्हणून चालणारा नकळत बोटें आंत आवळून धरतो व पाऊल आंखडतें घेतो. अमेरिकेंतील ऑबर्न विद्यापीठांत २००८ सालीं तरुण विद्यार्थ्यांच्या चालीची मापें घेतलीं, तेव्हां अशा चपला घातल्यावर त्यांचें पाऊल बुटांपेक्षां आंखूड पडतें असेंच दिसून आलें. हीं वाढलेलीं माणसें सपाट जमिनीवर सावकाश चालत होतीं. आठ वर्षांचा मुलगा ‘मी आधीं, मी आधीं’ करीत चाळीचा जिना उतरतो तेव्हां बोटें आवळण्याचें भान त्याला कोठलें? चपलेचें मऊ टोंक पायरीच्या कडेला अडकून खालीं दुमडतें, पाऊल पुढें जातें, चपल मागें राहते, आणि मुलगा हातांवर किंवा हनुवटीवर येतो. सायकलीच्या पायंड्यावरहि हेंच घडतें. चपल निसटते, ती सांवरण्यासाठीं नजर खालीं जाते, आणि रस्त्यावर नजर खालीं जाण्यास फार काळ लागावा लागत नाहीं.

कोल्हापुरी वहाणेची गोष्ट थोडी निराळी. २०१९ सालीं भौगोलिक मानांकन मिळालेली ही वहाण चांगली बनविलेली असली तर अंगठ्याच्या कडीनें व रुंद पट्ट्यानें पाऊल रबरी चपलेहून किती तरी अधिक घट्ट धरते, आणि तिचा तळ कठीण असल्यामुळें टोंक दुमडत नाहीं. पण टांच तिचीहि मोकळीच. आणि नवा गुळगुळीत चामड्याचा तळ हल्लींच्या चकचकीत फरशीवर, त्यांतून ती ओली असेल तर, घसरतो. लग्नाच्या मांडवांत धांवणाऱ्या मुलांचें पडणें पाहिलें म्हणजे हें पटेल.

आतां ज्या पायताणाविषयीं पालकांची बहुधा पूर्ण खात्री असते त्याकडे वळावयाचें. गेल्या वीस-बावीस वर्षांत मऊ, फुगीर, भोंकाभोंकांचे, एकसंध फेसाळ पदार्थाचे ‘क्लॉग’ लहान मुलांच्या पायांत सर्वत्र दिसूं लागले. अमेरिकेंतील क्रॉक्स कंपनीनें ते २००२ सालापासून लोकप्रिय केले आणि पुढें त्यांच्या अगणित स्वस्त नकला निघाल्या. हे पुढून बंद असतात, वजनानें हलके असतात, मुलाला आपले आपण घालतां येतात, आणि बोटांना ठेंच लागत नाहीं; म्हणून आईबापांना ते चपलेहून सुरक्षित वाटतात. सपाट जमिनीवर ते तसे आहेतहि. पण सरकत्या जिन्यावर त्यांचे हेच गुण उलटतात. तें कसें, हें त्या जिन्याची रचना पाहिल्याखेरीज कळणार नाहीं.

सरकत्या जिन्याच्या पायऱ्या सरकतात, परंतु त्यांच्या दोन्ही अंगांस असलेल्या उभ्या पट्ट्या स्थिर असतात. हलणारी पायरी व स्थिर पट्टी यांच्यामध्यें थोडी फट ठेवणें अपरिहार्य आहे, नाहींतर पायरी घांसली जाईल. युरोपीय नियमाप्रमाणें ही फट एका बाजूस ४ मिलिमीटरहून व दोन्ही बाजू मिळून ७ मिलिमीटरहून अधिक असतां कामा नये. चार मिलिमीटर फटींत मुलाचें पाऊल जाणें शक्य नाहीं, व कठीण कडेचा चामडी बूटहि जात नाहीं; तो पट्टीला लागला तरी घसरत पुढें जातो. फेसाळ क्लॉगचें तसें नाहीं. तो मऊ आहे आणि चिकटून राहणारा आहे. मुलानें कडेला उभें राहून तो पट्टीला टेंकविला कीं पट्टी त्याची बाजू जागच्या जागीं धरून ठेवते, पायरी मात्र तळाला पुढें ओढीत असते. या ओढाताणींत मऊ कड दबून पातळ होते व फटींत शिरते. एकदां शिरली कीं पायरी तिला आणखी आंत घेते. आंतल्या पावलाभोंवतीं मोकळी जागा असल्यामुळें मुलाला प्रारंभीं कांहींच जाणवत नाहीं. जाणवतें तेव्हां फट बोटांपर्यंत पोंचलेली असते. जिन्याच्या शेवटीं, जेथें पायऱ्या सपाट होऊन दातेरी पट्टीखालीं जातात, तेथें हाच धोका पुन्हां उभा राहतो.

हें भय काल्पनिक नव्हे. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेकडे पाहणाऱ्या अमेरिकन सरकारी आयोगानें मे २००८ मध्यें जाहीर केलें कीं, जानेवारी २००६ पासून पायताण सरकत्या जिन्यांत अडकल्याचे ७७ प्रसंग त्याच्याकडे नोंदले गेले. त्यांतील सुमारें निम्म्या प्रसंगीं इजा झाली, आणि दोन सोडून बाकी सर्व प्रसंगांतील पायताणें मऊ क्लॉग किंवा तशाच मऊ सपाता होत्या. त्याच वर्षीं एप्रिलांत जपानच्या व्यापारखात्यानें क्रॉक्स कंपनीस रचना बदलण्यास सांगितलें. वॉशिंग्टनच्या भुयारी रेल्वेनें तर कोणाचेंहि नांव न घेतां प्रवाशांना सावध करणाऱ्या जाहिराती लावल्या आणि त्यांवर चित्र छापलें तें मगरीचें. समजणाऱ्यांना तेवढें पुरें होतें. प्रमाणाचा विवेक राखण्यासाठीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्याच आयोगाच्या अंदाजाप्रमाणें २००७ सालीं अमेरिकेंत सरकत्या जिन्यांवर ज्या सुमारें ११,००० इजा झाल्या त्यांतील बहुसंख्य नुसत्या पडण्यानें झाल्या. हात, पाय किंवा पायताण अडकण्याच्या शेंकडा दहाच्या आसपास होत्या. पण पडून लागणें आणि बोट गमावणें यांची तुलना नुसत्या आंकड्यांनीं होत नाहीं.

मुंबईंत पहिली मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली, पुण्यांत ६ मार्च २०२२ ला; नागपुरांतहि ती २०१९ पासून धांवते. उपनगरी स्टेशनांवर आणि बाजारांत सरकते जिने आले ते वेगळेच. ज्या घरांत आजी अजून त्या जिन्यावर पाऊल ठेवतांना पदर सांवरून देवाचें नांव घेते त्याच घरांतील नातवंडें त्यावर वरखालीं पळतात. आजीचें भय अगदींच वेडगळ नाहीं. मुलाचा हात धरावा, त्याला पायरीच्या मध्यभागीं व तोंड पुढें करून उभें करावें, बाजूच्या पट्टीला बूट टेंकवूं देऊं नये, पायरीवर बसूं देऊं नये, आणि शेवट आला कीं पाऊल घासत न नेतां उचलून टाकण्यास शिकवावें. बालकाला कडेवर घ्यावें, आणि बाळाची गाडी बरोबर असेल तर लिफ्टनें जावें. जिन्याच्या खालच्या व वरच्या तोंडाशीं लाल रंगाचें थांबविण्याचें बटन असतें. तें कोठें आहे हें चढण्यापूर्वींच पाहून ठेवावें. अपघाताच्या क्षणीं लोक आरडाओरडा करतात, मुलाला ओढतात, आणि बटन कोणाच्याच ध्यानांत येत नाहीं.

येथें एक विसंगति चौकस श्रोत्यांच्या लक्षांत येईल. क्लॉग फटींत अडकला असतां पाऊल त्यांतून चटकन् निसटलें तर मूल वांचतें. तेव्हां सैल पायताणच बरें नव्हे काय? त्या एका क्षणापुरतें तें खरें आहे. पण सैलपणामुळेंच बूट मुलाच्या नकळत पट्टीला टेंकतो, हेंहि तितकेंच खरें. सुटका होईल या भरंवशावर अडकण्याची तयारी करणें शहाणपणाचें नाहीं. सरकत्या जिन्याच्या वाटेनें जावयाचें असेल त्या दिवशीं मऊ क्लॉग घरीं ठेवावा, हाच सोपा मार्ग.

आपल्याकडे याहूनहि अधिक घडणारी, पण जिच्याविषयीं कोणी जाहिराती लावीत नाहीं अशी इजा म्हणजे चाकाच्या तारांत पाय जाण्याची. वडिलांच्या सायकलीवर किंवा मोटरसायकलीवर मागें बसलेल्या मुलाचे पाय टेंकणीपर्यंत पोंचत नाहींत, ते लोंबतात. त्यांत सैल चपल असली कीं ती सुटूं लागते आणि मूल ती बोटांनीं धरून ठेवण्यासाठीं पाय आंत वळवितें. आंत चाक फिरतच असतें. दुचाकी मोटरगाड्यांच्या मागील चाकाचा निदान अर्धा भाग झांकणारें कवच असावें असें केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १२३ वा नियम सांगतो. तो मुख्यतः मागें बसणाऱ्याचीं वस्त्रें गुंतूं नयेत म्हणून आहे, आणि हें कवच बहुधा डाव्या अंगालाच असतें. मूल तर दोन्ही बाजूंस पाय टाकून बसतें. फेब्रुवारी २०२२ मध्यें केंद्र सरकारनें नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलांसाठीं शिरस्त्राण, बांधून ठेवणारा पट्टा आणि ताशीं ४० किलोमीटरची मर्यादा घालून दिली. डोक्याची काळजी घेतली गेली ही चांगलीच गोष्ट. पायांची घेण्याचें काम अद्याप पालकांकडेच आहे. सायकलीच्या मागील चाकाला दोन्ही बाजूंनीं जाळी बसवितां येते, आणि मागें बसणाऱ्या मुलाच्या पायांत टांच झांकणारा, बांधलेला बूट घालतां येतो; या दोन गोष्टींना फारसा खर्च नाहीं. पाय तारांत गेलाच तर जखम लहान दिसली तरी त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. टांचेमागील चिरडलेली कातडी पहिल्या दिवशीं बरी दिसते आणि पुढें चार-आठ दिवसांत काळी पडून मरते. तिच्याखालींच टांचेला पोटरीशीं जोडणारी शीर असते.

खिळ्यांची गोष्टहि अशीच. मऊ तळाची चपल कांटा अडविते, पण बांधकामावरील गंजका खिळा ती अडवूं शकत नाहीं. खिळा तळांतून आरपार येतांना फेसाचा किंवा रबराचा बारीक कण व त्याबरोबर जंतु घेऊनच पायांत जातो. १९८५ सालीं अमेरिकन वैद्यांनीं अशा रीतीनें हाडांत पू झालेल्या मुलांच्या खेळाच्या बुटांची तपासणी केली, तेव्हां तळाच्या थरांत तेच जंतु मिळाले. म्हणून अशा जखमेवर हळद दाबून मुलाला पुन्हां खेळावयास पाठविणें बरोबर नाहीं. जखम धुवून डॉक्टरांस दाखवावी, धनुर्वाताची लस पांच-सहाव्या, दहाव्या व सोळाव्या वर्षीं टोंचली गेली आहे कीं नाहीं हें पाहावें, आणि बरें वाटल्यावर कांहीं दिवसांनीं पुन्हां दुखूं लागलें तर तें दुखणें अंगावर काढूं नये.

कातडीच्या तक्रारी त्या मानानें किरकोळ. रबर पक्कें करण्यासाठीं जीं रासायनिक द्रव्यें घालतात तीं कांहीं मुलांना सोसत नाहींत. घाम आला कीं पट्ट्याच्या बरोबर आकाराची खाज उठते, आणि क्वचित् त्याच आकाराचे पांढरे डागहि पडतात. डागांचा आकार पाहूनच कारण ओळखूं येतें, चपल बदलावी. फेसाळ क्लॉग बंद मोटारींत किंवा गच्चीवरच्या उन्हांत टाकून ठेवूं नयेत, ते आंखडतात. सकाळीं बरोबर बसणारा बूट संध्याकाळीं चावूं लागला म्हणून मुलाला रागावण्यांत अर्थ नाहीं.

मग घ्यावें तें काय? ज्याला टांचेमागें पट्टा आहे व जो पट्टा बंदानें किंवा चिकटपट्टीनें आवळतां येतो, असें सँडल. समोर बोटें झांकलेलीं असतील तर अधिक चांगलें. तळ बोटांच्या सांध्याशीं वांकावा, मध्यें वांकूं नये. दोन्ही टोंकें धरून पिळला तर पिळवटून निघूं नये. पाय दिवसभरांत किंचित् फुगतो, म्हणून संध्याकाळीं, मुलाला उभें करून, दोन्ही पायांत घालून पाहावें, आणि बोटांपुढें एक सेंटिमीटरच्या आसपास जागा सोडावी. त्याहून अधिक नको. रुंदीकडे तर आपल्याकडे कोणी पाहतच नाहीं. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनें डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळांत देशांतील ७९ ठिकाणीं १,०१,८८० लोकांच्या पावलांचीं मापें घेतलीं. आपलीं पावलें सामान्यतः युरोपीय पावलांहून रुंद आहेत, आणि विलायती मापांत ही रुंदी साधण्यासाठीं लोक लांबीनें मोठें पायताण घेतात, असें त्यांतून दिसून आलें. रुंद पावलाच्या मुलाला म्हणूनच लांब नव्हे, रुंद सँडल शोधून द्यावें.

ज्या घरांत तीन मुलें आहेत तेथें प्रत्येकाला दर उन्हाळ्यास नवें सँडल हें खर्चाचें काम आहे, हें कोणासहि समजेल. थोरल्याचें धाकट्यास देण्याची रीत कपड्यांपुरती ठीक. पण वापरलेल्या मऊ तळावर थोरल्याच्या पावलाचा खळगा पडलेला असतो आणि धाकट्याचें पाऊल त्यांत नीट बसत नाहीं. त्यापेक्षां शाळेचे कापडी बूट अजून मापाला येत असतील तर खेळावयास तेच द्यावेत, आणि चपल घराभोंवतीं वापरावी. वहाणेला किंवा चामडी सपातेला मागून एक पट्टा व बक्कल शिवून देण्याचें काम कोपऱ्यावरचा मोची थोड्या पैशांत करतो; दोन महिन्यांच्या उन्हाळ्याला तेवढ्यानें भागतें.

शेवटीं हवाई चपलेच्या दुरुस्तीविषयीं एक गोष्ट. तिच्या पुढच्या पट्ट्याची गुंडी भोंक मोठें झाल्यावर वर निसटते, आणि मग घरोघर तिच्याखालीं एक टांचणी, सेफ्टी पिन किंवा वांकविलेला खिळा अडकवून ती आणखी सहा महिने चालविली जाते. मोठ्या माणसांनीं स्वतःच्या चपलेला काय करावें तो त्यांचा प्रश्न. मुलाच्या चपलेला हा उपाय करूं नये : ती पिन उघडली तर वर पाऊल आहे, आणि न उघडली तरी धांवतांना पट्टा निसटणारच आहे. पट्ट्यांची नवी जोडी बाजारांत सुटी मिळते व घरीं बसवितां येते. पण तळाचें भोंकच फांकलेलें असेल तर नवे पट्टेहि टिकत नाहींत, आणि ती चपल टाकून द्यावी.